गाठ काढली, पण डबी कुठंय? अंगावरच्या अनोळखी गाठीचं निदान, टप्प्याटप्प्याने

पुण्यातल्या एका हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुने घ्यायच्या टेबलावर माझी सकाळ जाते. शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आजार ओळखायचा, हे आमच्याकडचं काम. मी डॉक्टर नाही, रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट मॅडमची असते. पण डबीत काय आलंय आणि कसं आलंय हे सगळ्यांत आधी मी बघते. या टेबलावर एकच चूक वेगवेगळ्या डब्यांतून येत राहते. लोक गाठ आधी काढतात आणि ती कसली होती हे नंतर विचारतात. कधी कधी तर डबी येतच नाही, नुसता माणूस येतो. "दोन वर्षांपूर्वी जाळून घेतली होती, आता तिथंच परत आलीय." तेव्हा तपासायला दिली होती का? "नाही हो, छोटीच होती."

चामखीळ, मस, आवाळू, कुरूप, चरबीची गाठ ही सगळी घरची नावं आहेत, दिसण्यावरून पडलेली. त्यातल्या बहुतेक गाठी खरंच साध्या निघतात, म्हणजे रिपोर्टच्या भाषेत बिनाइन. पण साधी गाठ विचित्र दिसू शकते आणि विचित्र गाठ साध्या गाठीचं सोंग घेऊ शकते. म्हणून क्रम महत्त्वाचा: हात लावायचा नाही, नोंद करायची, दाखवायचं, तुकडा घ्यायचा, तो नीट पोहोचवायचा, रिपोर्ट वाचायचा आणि मग पुढचं ठरवायचं.

सुरू करण्याआधी: कुणी थांबायचं नाही

पुढच्यापैकी एक जरी गोष्ट असेल, तर फोटो काढत पंधरा-पंधरा दिवस वाट पाहू नका. टप्पा ४ वर जा आणि याच आठवड्यात दाखवा.

- तीळ किंवा काळा डाग आकार, रंग, कड बदलतोय, किंवा एकाच डागात दोन-तीन रंग दिसतायत.
- तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली काळा डाग वा पट्टा आलाय आणि रुंद होतोय. आपल्याकडे मेलॅनोमा हा कॅन्सर कमी आढळतो. पण होतो तेव्हा बऱ्याचदा याच जागी असतो, आणि ठेच लागून रक्त साकळलं असेल म्हणून वेळ जातो.
- महिना उलटला तरी न भरणारी जखम, किंवा खपली धरून पुन्हा पुन्हा रक्त येणारा फोड.
- काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारी, घट्ट लागणारी गाठ.
- गाठीभोवतीची किंवा आसपासच्या चट्ट्यावरची संवेदना कमी झालीय. इथं कुष्ठरोगही तपासावा लागतो. तो औषधांनी पूर्ण बरा होतो, उशीर मात्र महागात पडतो.

टप्पा १ : हात लावू नका

ऐकायला सोपं वाटतं. पण सगळ्यांत जास्त मोडला जाणारा टप्पा हाच. चुना लावणं, केस किंवा दोरा करकचून बांधणं, बिब्बा घालणं, मेडिकलमधून कॉर्न कॅप (कुरुपावरची औषधी पट्टी) आणून चिकटवणं, पार्लरमध्ये पन्नास चामखिळींबरोबर 'हीपण घ्या' म्हणून जाळून घेणं. बिब्ब्याने तर कातडी अशी भाजते की मूळ गाठ बाजूला राहते आणि भाजल्याचाच इलाज करावा लागतो.

नुकसान फक्त जखमेचं नाही. भाजलेल्या, कुजलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येत नाहीत. कॉर्न कॅपमधल्या सॅलिसिलिक आम्लाने वरची कातडी पांढरी, फुगीर होते आणि गाठीचा मूळ चेहरा जातो. तीन-चार औषधं एकत्र असलेली मलमं असतात, त्यांत बहुधा स्टेरॉइड असतं. लालपणा दबतो, बरं वाटतं, महिना जातो.

पिळून पाहायचा मोहही आवरा. मध्ये काळा ठिपका असलेली, पिळल्यावर घाण वासाचा पांढरा लगदा येणारी गाठ म्हणजे बहुधा एपिडर्मॉइड सिस्ट, पाठीवर आणि मानेवर हमखास दिसणारी. लगदा निघाला तरी आतली पिशवी तशीच राहते, म्हणून ती परत भरते. वर पिळताना पिशवी आतल्या आत फुटली, तर गळू होतं.

*तपासा:* आजवर जे काही लावून झालंय ते लाजेने लपवू नका. नाव आणि किती दिवस लावलं ते कागदावर लिहा. ते आमच्या फॉर्मपर्यंत पोहोचलं, तर रिपोर्ट देणाऱ्याची दिशा चुकत नाही.

टप्पा २ : नोंद करा

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून तीन फोटो. पहिला लांबून, म्हणजे गाठ शरीरावर नेमकी कुठं आहे ते कळेल असा. दुसरा जवळून, शेजारी शाळेच्या कंपासमधली पट्टी धरून, मिलिमीटरचे आकडे दिसतील असा. तिसरा बाजूने, उंचवटा किती वर आलाय ते दाखवणारा. फोनचं चेहरा गोरागोमटा करणारं फिल्टर बंद करा. त्याने डागाच्या कडाच पुसल्या जातात. घाई नसलेल्या गाठीचे हेच फोटो दर पंधरा दिवसांनी, त्याच खिडकीत, तेवढ्याच अंतरावरून.

मग एका कागदावर: पहिल्यांदा कधी दिसली, तेव्हा केवढी होती, आता केवढी. दुखते का, आणि कशाने? दाबल्यावर, चपलेने की थंड पाण्याने? रक्त येतं का? त्या जागी कधी काटा, खिळा, डास, टॅटू, कान टोचणं? याआधी तिथं काही काढलंय का? घरात कुणाला अशाच गाठी आहेत का? गरोदरपण असेल तर तेही लिहा. रक्ताने भरलेली, लालभडक, जरा धक्का लागला की वाहणारी पायोजेनिक ग्रॅन्युलोमा नावाची गाठ गरोदरपणात हिरडीवर किंवा ओठावर येऊ शकते. (नावातल्या 'पायो'चा अर्थ पू, पण त्या गाठीत पू नसतो. आणि ती ग्रॅन्युलोमाही, म्हणजे सुजेच्या पेशींचा पुंजकाही, नाही.)

'थंड पाण्याने' हा प्रश्न उगीच घातलेला नाही. नखाखाली सुईच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर जीव जातो, थंड पाण्यात हात घातला की कळ येते आणि बाहेरून जवळजवळ काहीच दिसत नाही, अशी ग्लोमस ट्यूमर नावाची छोटी साधी गाठ असते. माणसं वर्षानुवर्षं 'नख दुखतं' म्हणत गोळ्या खातात. डिसेंबरात भांडी घासताना कळ येते एवढं एक वाक्य डॉक्टरांना सांगितलं, तरी अर्धं निदान होतं.

टप्पा ३ : बोटांना काय कळतं

स्वच्छ हातांनी, न ओरबाडता, एकदाच. यातून मिळतो तो अंदाज, निदान नव्हे.

दोन बोटांनी बाजूंनी हलकेच दाबा. गाठ वर यायच्या ऐवजी मध्ये खळी पडली, तर डर्मॅटोफायब्रोमाचा अंदाज करतात. पायावर, तपकिरी, बटणासारखी घट्ट, वर्षानुवर्षं तेवढीच. दाबल्यावर मऊ गाठ कातडीतल्या भोकातून आत जावी तशी आत गेली, तर न्यूरोफायब्रोमा असू शकतो. कातडी गाठीवरून सरकते आणि गाठ खाली लोण्याच्या गोळ्यासारखी घसरते, तर लायपोमा, म्हणजे ज्याला खरोखर चरबीची गाठ म्हणावं अशी गाठ. मेण चिकटवल्यासारखी, खरखरीत, नखाने उचकटून निघेल असं वाटणारी तपकिरी पुटं वयानुसार येतात. ती सेबोऱ्हिक केराटोसिस. उचकटू नका.

लहान मुलाच्या गालावर, मानेवर किंवा दंडावर खड्यासारखी टणक गाठ, एका कडेला दाबली की दुसरी कड वर येते, कधी निळसर झाक? तो पायलोमॅट्रिकोमा असू शकतो. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींपासून होतो आणि त्यात कॅल्शियम साचतं, म्हणून दगडासारखा लागतो. आयांना या टणकपणाचीच धास्ती वाटते. टणक म्हणजे वाईट, असं इथं तरी नसतं.

कातडीवर शिंगासारखं टोक आलं असेल, तर शिंगाकडे पाहून काही कळत नाही. खाली बुडाशी काय आहे त्यावर सगळं ठरतं. तिथं साधा चामखीळही असतो आणि कॅन्सरही. त्यामुळे नेलकटरने शिंग कापून डबीत घालून आणणाऱ्यांना परत पाठवावं लागतं. नुसत्या शिंगावर काय सांगणार?

आता माझ्या मामांची गोष्ट, कारण ती या टप्प्यावरच फसली. मामांच्या डाव्या तळव्याला, टाचेच्या पुढे, गुलाबीसर मऊ गाठ आली. त्यांनी ठरवलं कुरूप. आठ महिने कॉर्न कॅप, मधून मधून ब्लेडने खरवडणं, चालताना मोज्यात रक्त. मी दिवाळीत गेले तेव्हा मोजा काढायला लावला. कुरूप कडक आणि कोरडं असतं, दाबलं की दुखतं. ही ओलसर, मऊ होती आणि तिच्याभोवती गोल खाच होती, ताटलीत वाटी ठेवावी तशी. ती खाच पाहिली आणि मी त्यांच्या हातातली कॅपची पट्टी काढून घेतली. पुढे बायोप्सीत निघाला पोरोमा, घामाच्या नळीच्या पेशींपासून होणारी साधी गाठ, तळव्यावर वरचेवर येणारी. साधी असली तरी ती पूर्ण काढतात; अर्धवट राहिली तर परत येते, आणि क्वचित तिचं रूप बिघडतं.

*सावधान:* मुलाच्या नाकाच्या मध्यावर, डोक्याच्या टाळूवर किंवा पाठीच्या कण्यावर बरोबर मधोमध गाठ असेल, तर तिला टोचू-कापू नका. तिचा धागा आत मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत गेलेला असू शकतो. आधी स्कॅन, मगच सर्जन.

टप्पा ४ : कुणाकडे, आणि काय घेऊन

कातडीत दिसणारी गाठ असेल तर त्वचारोगतज्ज्ञ. कातडीखाली खोल, हलणारी असेल तर सर्जन. पापणीवरची नेत्रतज्ज्ञाकडे, नखाखालची हाताच्या सर्जनकडे. 'ब्युटी क्लिनिक' नावाच्या पाटीखाली बसलेली प्रत्येक व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ नसते. पाटीवरच्या पदव्या वाचा. पुण्यात पाट्या वाचायची सवय आहेच, इथं ती कामाला येते.

खासगी परवडत नसेल तर ससून किंवा पिंपरीतलं वायसीएम, दोन्ही सार्वजनिक रुग्णालयं. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि खिडकीवर 'स्किन ओपीडी' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'गाठ आहे' म्हटलं तर सर्जरीच्या रांगेत उभे राहाल, आणि दुपारी तिथून पुन्हा स्किनकडे.

जाताना नेलपॉलिश, मेंदी नको. मेंदीने तळहाताचे डाग झाकले जातात आणि ती उतरायला आठवडा घेते, त्यामुळे लग्नसराईत तारीख बघूनच जा. गाठीवर पावडर-मलम नको. कपडे असे की ती जागा चटकन उघडता येईल. सोबत टप्पा २ चा कागद आणि चालू औषधांच्या पट्ट्या. नावं आठवायची भानगड नको, पट्ट्याच पिशवीत टाका.

डॉक्टर बहुधा डर्मॅटोस्कोप लावतील, दहापट मोठं दाखवणारं दिव्याचं भिंग. टोचत नाही, दुखत नाही. बऱ्याच गाठी इथंच ओळखू येतात आणि कापायची गरजच पडत नाही. खोल गाठीसाठी सोनोग्राफी सांगतील. नखाखालच्या ग्लोमससाठी कधी एमआरआय.

उठण्याआधी तीन प्रश्न विचारा. तुमच्या मते ही काय काय असू शकते? काढली तर तुकडा तपासायला जाणार ना? बायोप्सी कोणत्या प्रकारची? मधल्या प्रश्नाला "गरज नाही" असं उत्तर आलं, तर कारण विचारा. गळ्यावरच्या देठासारख्या दहा-बारा चामखिळी असतील तर ते उत्तर ठीक आहे. एकच, वेगळीच दिसणारी, रंग असलेली किंवा रक्त येणारी गाठ असेल तर नाही.

टप्पा ५ : तुकडा घेण्याआधी

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगायच्या गोष्टी: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन यांसारख्या), मधुमेह, पेसमेकर, दातांच्या वेळी भुलीच्या इंजेक्शनचा झालेला त्रास, आणि जखमेचा व्रण फुगायची सवय, म्हणजे कीलॉइड. कीलॉइड होणाऱ्याच्या छातीवर, खांद्यावर किंवा कानाच्या पाळीवर कापणं म्हणजे छोट्या गाठीच्या बदल्यात मोठी गाठ घेणं. तिथं कापायचं की नाही हाच आधी विचार.

*सावधान:* रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने चामखिळीसाठी गोळी सोडावी, असला सौदा कुणी करू नये. छोट्या बायोप्सीला त्या बऱ्याचदा चालूही ठेवतात.

बायोप्सीचे प्रकार चार. शेव्ह म्हणजे वरवर तासून घेणं. वर आलेल्या गाठींना ठीक, खोल गाठींना नाही. पंच म्हणजे गोल पात्याने साबुदाण्याएवढा, तीन-चार मिलिमीटरचा गाभा काढणं. इन्सिजन म्हणजे मोठ्या गाठीचा काप, एक्सिजन म्हणजे अख्खी गाठ. संशयास्पद काळा तीळ असेल तर शक्यतो अख्खा, थोड्या कडेसकट काढतात, कारण तो किती खोल गेलाय हे मोजावं लागतं आणि वरून तासलेल्या तुकड्यात ती खोली मिळत नाही. म्हणूनच असा तीळ लेझरने उडवला की आमच्या हातात काहीच राहत नाही.

सिस्ट सुजून लाल झाली असेल तर आधी सूज उतरवतात, कापणं काही आठवड्यांनी. घाई करू नका.

टप्पा ६ : डबी

इथं मी जरा जास्त बोलणार.

तुकडा शरीरातून निघाला की कुजायला लागतो. तो थांबवायला दहा टक्क्यांचं फॉर्मलिन लागतं, आणि भरपूर लागतं: तुकड्याच्या निदान दहापट, वीसपट असेल तर उत्तम. तुकडा नुसता ओला होऊन भागत नाही, पोहायला हवा. आमच्याकडे काय काय येतं? सलाइनमध्ये बुडवलेला. स्पिरिटमध्ये आकसून खारकेसारखा झालेला. ओल्या बोळ्यात गुंडाळलेला, बोळा वाळलेला, तुकडा त्याला चिकटलेला. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत ढकललेला. आत जाताना मऊ असतो, फॉर्मलिनने कडक झाला की त्या अरुंद गळ्यातून बाहेर येत नाही, मग बाटली फोडावी लागते. 'ताजा राहील' म्हणून फ्रिजरमध्ये ठेवलेलाही आलाय. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. तो तुकडा वाचताना मॅडमच्या कपाळाला पडलेल्या आठ्या मी पाहिल्यात.

डबी रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची. चिठ्ठी डबीच्या अंगावर चिकटवायची, झाकणावर नाही. टेबलावर चार डब्या एकदम उघडल्या की झाकणं बदलतात, अंगं बदलत नाहीत. चिठ्ठीवर पूर्ण नाव, वय, जागा आणि बाजू, तारीख, वेळ. 'पाय' असं लिहू नका. 'डावा तळवा, टाचेच्या पुढे' असं लिहा. दोन गाठी काढल्या तर दोन डब्या. एकाच डबीत दोन तुकडे आले आणि एकात काही निघालं, तर कोणत्या जागेचं ते देवही सांगू शकणार नाही.

डबीइतकाच फॉर्म. 'स्किन स्वेलिंग' एवढंच लिहिलेले फॉर्म रोज येतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वयाने, जागेने आणि वाढीच्या वेगाने वेगळ्या ठरतात. त्यामुळे डॉक्टरांना विनंती करा: किती दिवसांची, कुठं, केवढी, दुखते की नाही, आधी काय लावलंय आणि त्यांना स्वतःला काय वाटतंय, हे दोन ओळींत लिहून द्या. काही ठिकाणी तुकड्याच्या एका कडेला टाका घालून 'वरची बाजू' दाखवतात. तसं असेल तर तेही फॉर्मवर हवं. आणि टप्पा २ मधला पट्टीचा फोटो छापून फॉर्मला टाचला, तर आमच्याकडे तुमचं नाव निघतं, चांगल्या अर्थाने.

*निघण्याआधी तपासा:*
- तुकडा दिसतोय आणि द्रवात पूर्ण बुडालाय.
- नाव डबीवर आणि फॉर्मवर सारखंच आहे. एकीकडे 'मंगल' आणि दुसरीकडे 'मंगला' असेल तर आम्ही डबी घेत नाही, फोन करत बसतो.
- बाजू लिहिलीय.
- झाकण उलटं करून पाहिलं, गळत नाही.

बऱ्याच ठिकाणी लॅबचा माणूस येऊन डबी नेतो. नातेवाइकाच्या हाती दिली तर त्याच दिवशी पोहोचवा. डबी प्लास्टिकच्या पिशवीत, उभी. स्कूटरच्या डिकीत टाकून आधी मंडईत जाऊन येऊ, असं नको. एप्रिलच्या दुपारी डिकीत काय तापतं ते हात घालून बघा. उघडून वास घेऊ नका, फॉर्मलिन डोळ्यांना आणि नाकाला झोंबतं. अंगावर सांडलं तर भरपूर पाण्याने धुवा.

टप्पा ७ : वाट पाहणं

पहिले काही तास तुकडा फॉर्मलिनमध्ये पक्का होतो. मग आम्ही तो मोजतो, आडवा कापतो, रात्रभर यंत्रात त्याचं पाणी काढून मेण भरतो. मेणाच्या ठोकळ्यातून तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात, आपल्या केसाहून कितीतरी पातळ. त्यांना जांभळा-गुलाबी रंग दिला की मॅडम बघतात. साधारण तीन ते पाच कामाचे दिवस धरा. पायलोमॅट्रिकोमासारखी कॅल्शियम साचलेली गाठ आली तर पातं अडखळतं; ती आधी मऊ करून घ्यावी लागते, दिवस वाढतात. कधी खास रंग, कधी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणजे ठरावीक प्रथिनं शोधणारी चाचणी, तेव्हा अजून काही दिवस.

रिपोर्ट लांबला म्हणजे वाईट निघालं, हा समज सोडा. काउंटरवर दर आठवड्याला कुणीतरी या एका समजापायी रडतं.

टप्पा ८ : रिपोर्ट वाचणं

गुगलवर टाकायच्या आधी वरचा भाग पाहा. नाव तुमचंच? जागा आणि बाजू बरोबर? तुकड्याचं माप डॉक्टरांनी काढलेल्या गाठीशी जुळतं? दहा मिलिमीटरची गाठ काढली आणि रिपोर्टमध्ये दोन मिलिमीटर असेल, तर आधी फोन.

मग शेवटची 'इम्प्रेशन' ओळ. इथं लोक शब्दाच्या शेपटाला घाबरतात. 'ओमा' म्हणजे कॅन्सर नव्हे. लायपोमा, पोरोमा, न्यूरोफायब्रोमा, पायलोमॅट्रिकोमा या साध्या गाठी. पण मेलॅनोमा, सार्कोमा, लिम्फोमा हे कॅन्सर. म्हणून शेपूट बघू नका, पूर्ण नाव डॉक्टरांना विचारा.

'क्लिनिकोपॅथॉलॉजिकल कोरिलेशन' दिसलं की लोकांना ती पळवाट वाटते. त्याचा अर्थ असा की आम्हाला तुकड्यात जे दिसलं ते तुमच्या डॉक्टरांना अंगावर जे दिसलं त्याच्याशी ताडून पाहा. हे वाक्य आलं की डॉक्टरांकडे परत जाणं सक्तीचं समजा. 'तुकडा अपुरा' किंवा 'फक्त वरचा थर मिळाला' असं असेल, तर तो रिपोर्ट चांगलाही नाही, वाईटही नाही. ते निदानच नाही, पुन्हा बायोप्सी लागेल. बरेच जण 'कॅन्सर दिसला नाही' एवढंच वाचून फाइल बंद करतात आणि इथेच चुकतात.

'मार्जिन' म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत गाठ पोहोचलीय का. साध्या गाठीतही हे पाहावं, कारण परत यायची शक्यता त्यावर असते.

आणि मेळ बसत नसेल तर? गाठ झपाट्याने वाढत होती, रिपोर्ट म्हणतो डर्मॅटोफायब्रोमा, वर्षानुवर्षं तेवढीच राहणारी. अशा वेळी दुसरं मत घ्या. डर्मॅटोफायब्रोमासारखीच दिसणारी, पण खोल शिरून पुन्हा पुन्हा येणारी डीएफएसपी नावाची गाठ असते. वरवरच्या छोट्या तुकड्यात दोन्हींत गल्लत होऊ शकते आणि सीडी-३४ हे प्रथिन शोधणाऱ्या चाचणीने फरक करायला मदत होते. पायोजेनिक ग्रॅन्युलोमासारखी दिसणारी लाल, रक्ताळ गाठ कधी रंग नसलेला मेलॅनोमा असतो. तिचं नाव कितीही ओळखीचं वाटलं, तरी ती लॅबमध्ये गेलीच पाहिजे.

दुसऱ्या मतासाठी रिपोर्टची झेरॉक्स नेऊन उपयोग नाही. काचा (तुकड्याचे काप लावलेल्या स्लाइड) आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. लॅब ते बरीच वर्षं जपून ठेवते. अर्ज आणि ओळखपत्र दिलं की मिळतात, परत आणून द्यायचे असतात. काचा कागदी पाकिटात घालून पँटच्या खिशात ठेवू नका, बसमध्ये दाबल्या जातात. कडक डबी मागा, आम्ही देतो.

टप्पा ९ : टाके, आणि पुढचं

चेहऱ्याचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात, धडाचे दहा-चौदा, पायाचे आणखी उशिरा. पहिला दिवस जागा कोरडी, मग डॉक्टर सांगतील तसं धुणं आणि मलम. हळद भरू नका. तळव्यावर टाके असतील तर चालणं कमी ठेवा. मामांनी चौथ्या दिवशी पर्वतीवर जायचा हट्ट धरला, एक टाका उसवला, जखम भरायला पंधरा दिवस जास्त गेले.

रिपोर्ट साधा निघाला तरी अंगावर अशा आणखी गाठी आहेत का ते एकदा पाहून घ्या. बरेच न्यूरोफायब्रोमा आणि सोबत दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग असतील, तर तो आनुवंशिक आजार असू शकतो आणि घरातल्या मुलांनाही तपासावं लागतं. अनेक पायलोमॅट्रिकोमा असतील तरी डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

फाइलमध्ये चार गोष्टी ठेवा: आधीचे फोटो, मूळ रिपोर्ट, लॅबचं नाव आणि रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर. त्याच जागी पुन्हा काही आलं, तर नव्या तुकड्याच्या डबीवर हा जुना नंबर लिहा, म्हणजे मॅडम जुनी काच काढून दोन्ही शेजारी ठेवून बघतात. मामांचा नंबर मामींनी फ्रिजच्या दारावर, गॅस एजन्सीच्या नंबरखाली लिहून ठेवलाय.